बकरी माणसाच्या मागं का येतात

निपाणीजवळच्या गावातला एक तरुण विचारतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: आजोबांची बकरी होती, ते गेल्यावर वडिलांनी विकून टाकली. आता यानं पुण्यातली नोकरी सोडून 30 मेंढ्या घेतल्यात, पत्र्याच्या शेडात ठेवल्यात, त्याला चार महिने झाले. हा आत पाऊल टाकतो तोवर सगळ्या एका कोपऱ्यात दाटतात. मध्यंतरी तीन मेंढ्या गाभडल्या, म्हणजे पोटातलं अवेळी पडलं. शेजारच्या रानात मेंढक्यांचा एक तळ पडला होता. तिथल्या मेंढक्यानं जिभेनं नुसता ‘ट्र्र’ असा आवाज काढला आणि 300 बकरी चरायचं सोडून त्याच्या मागं चालायला लागली. ‘हे रक्तात असावं लागतं की शिकता येतं? आणि एवढा जीव असताना तीच माणसं खाटकाला कशी विकतात?’

मी जनावरांचा डॉक्टर. बेळगाव जिल्ह्यातल्या चिकोडी, हुक्केरी, रायबाग, अथणी एवढ्याच पट्ट्यात 30 वर्षं काढली. त्याच्या आधी शाळेच्या सुट्टीत वडिलांच्या बकऱ्यांमागं हिंडलोय, म्हणजे दोन्ही बाजूंनी थोडं थोडं बघितलंय.

आधी एक खुलासा, नाहीतर पुण्या-मुंबईकडचे वाचणारे गोंधळतील. आमच्या भागात बकरं म्हणजे मेंढरू. शेळी ती शेळी. या एका शब्दापायी विम्याचे कागद परत आलेले मी बघितलेत. मेंढ्या मेल्या, मालकानं तोंडी ‘बकरी मेली’ सांगितलं, लिहिणाऱ्यानं शेळ्या लिहिल्या आणि पंचनामा जुळेना.

आता गाभडण्याचं. जिव्हाळ्याचं नंतर बोलू, हे आधी करा. चार महिन्यांत 30 पैकी तीन म्हणजे सोडून देण्यासारखी गोष्ट नाही. गाभडलेलं पिल्लू आणि वार उघड्या हातानं उचललं असेल तर इथून पुढं तसं करू नका. जनावरं गाभडवणारा ब्रुसेला नावाचा जंतू माणसालाही लागतो, ताप येत-जात राहतो, सांधे धरतात, आणि महिनोन् महिने कळतच नाही की हे कुठून आलं. हातमोजे घाला, खोल खड्डा काढून चुना टाकून पुरा, घरात गरोदर बाई असेल तर तिला त्या बाजूला फिरकू देऊ नका. त्या तिन्ही मेंढ्या वेगळ्या बांधा, रक्त तपासायला द्या, एडक्याचंही, म्हणजे कळपातल्या नराचंही द्या. तपासणी स्वच्छ आली तर मग दोन गोष्टी बघा. एक, शेवटच्या दीड महिन्यातला चारा. मेंढीचे दिवस साधारण 150, आणि पोटातल्या कोकराची निम्म्याहून जास्त वाढ शेवटच्या सहा आठवड्यांत होते. त्या दिवसांत नुसता कोरडा कडबा टाकून चालत नाही. दुसरी गोष्ट, तुमच्या शेडाचं दार. पत्र्याच्या शेडाला हौसेनं अडीच फुटी दार ठेवतात. घाबरलेल्या 30 मेंढ्या त्या दारातून एकदम घुसल्या की गाभण्या चौकटीला घासतात, दाबल्या जातात. तुम्ही आत गेलात की त्या दाटतात असं तुम्हीच लिहिलंय. हे रोज दोन वेळा होत असेल तर वेगळं कारण शोधायला लांब जायला नको.

असं दाटण्याचं मला चांगलं ठाऊक आहे, कारण ते मी स्वतः घडवून आणलंय. नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं. हुक्केरीकडं एका रानात चार बिऱ्हाडांचा वाडा, म्हणजे मेंढक्यांचा फिरता तळ, उतरला होता, 400-500 बकरी. मला दिवसाकाठी अमुक इतक्या लसी टोचल्याचा आकडा भरून द्यायचा होता. मी दुपारी दोनला पोचलो. बकरी नुकती दहा-बारा किलोमीटर चालून येऊन बाभळीखाली टेकलेली, माना एकमेकींच्या पोटाखाली घालून उभी. मी आणि माझ्याबरोबरचा माणूस सरळ आत घुसलो. हाताला येईल त्या मेंढीला लोकरीला धरून ओढायचं, सुई टोचायची, ढकलायचं. दहा मिनिटांत कळप फुटला. अर्धी बकरी उसात, अर्धी ओढ्यापलीकडं. त्या आठवड्यात त्यांच्या सहा मेंढ्या गाभडल्या, हे मला पुढच्या खेपेला कळलं. वाड्यातला म्हातारा मला एक शब्द बोलला नाही. नुसतं म्हणाला, ‘साहेब, उद्या पहाटं या. कोंबडा आरवायच्या आत.’

गेलो. बकरी वाघरीत होती. वाघर म्हणजे सुताडाची जाळी, खुंट्यांवर लावलेली, रात्री त्यात बकरी कोंडतात. म्हाताऱ्यानं जाळीची एक बाजू हातभर उघडली आणि तो त्या फटीत घोंगडं पांघरून उकिडवा बसला. तोंडानं बारीक आवाज चालू. एकेक मेंढी त्याच्या गुडघ्याला अंग घासून बाहेर पडायला लागली. जी टोचायची तिच्या हनुवटीखाली एक हात, जांघेपाशी दुसरा, एवढंच. ती थांबायची. मी टोचायचो. ती पुढं जाऊन खाली मान घालून चरायला लागायची. सूर्य कासराभर वर यायच्या आत सगळी बकरी झाली. आदल्या दिवशी ज्या हातानं मी त्यांना ओढलं होतं त्याच हाताला त्या पुन्हा आल्या, पण माझ्यासाठी आल्या नव्हत्या. म्हातारा दारात होता म्हणून आल्या.

यातलं काय काय शिकता येतं ते सांगतो.

मेंढीचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना. पुढं-मागं धरून जवळजवळ सगळीकडचं तिला दिसतं, ऐन पाठीमागची एक फट सोडली तर. तुम्ही सरळ तिच्याकडं बघत, दोन्ही हात पुढं करून येता तेव्हा तिच्या लेखी तुम्ही लांडगा असता. मेंढका कधीच असा येत नाही. तो तिरका चालतो, तिच्याकडं न बघता चालतो, मध्येच काठीवर रेलून उभा राहतो. आम्ही पोरं याला आळशीपणा समजायचो. कळपाभोवती एक अदृश्य रेघ असते. तिच्या आत पाय टाकला की बकरी हलतात, बाहेर काढला की थांबतात. जाणता माणूस दिवसभर त्या रेघेवर आत-बाहेर करत असतो, आणि लांबून बघणाऱ्याला वाटतं हा नुसता उभा आहे.

दुसरं, त्या चेहरे ओळखतात. हे धनगराला सांगायची गरज नाही, पण ज्यांना छापलेलं लागतं त्यांच्यासाठी सांगतो. 2001 मध्ये केंब्रिजजवळच्या बाब्राहम संस्थेतल्या संशोधकांनी ‘नेचर’मध्ये मांडलं की मेंढी 50 दुसऱ्या मेंढ्यांचे चेहरे दोन वर्षांहून जास्त लक्षात ठेवते. पुढं 2017 मध्ये केंब्रिज विद्यापीठातच मेंढ्यांना माणसांचे फोटो ओळखायला शिकवलं, त्यात ओबामांचाही फोटो होता. ज्यांच्या हातून त्यांना रोज चारा मिळायचा त्यांचा फोटो तर न शिकवता ओळखला. हे मी अथणीकडच्या एका मेंढक्याला मोठ्या उत्साहानं सांगितलं. तो विचार करून म्हणाला, ‘माडग्याळ होती का दख्खनी?’ या आमच्याकडच्या मेंढ्यांच्या जाती. वेल्सच्या डोंगरातली होती म्हटल्यावर त्याचा रस संपला.

पण खरी मेख उलट्या बाजूला आहे. मेंढी तुम्हाला ओळखते की नाही हे राहू दे, तुम्ही तुमच्या तिसातली एकेक ओळखता का? आमचे वडील बकरी मोजायचे नाहीत. संध्याकाळी वाघरीत घेताना नुसते बघायचे आणि म्हणायचे, ‘तुटक्या कानाची कुठाय?’ आकडा नव्हताच, कोण नाही एवढंच कळायचं. बांडी, भुरी, वाकड्या खुराची, कालवाडकराकडनं घेतलेली, ओढ्यात व्यायलेली अशी नावं. काही नावं कन्नड, काही मराठी. आई चिडली की कन्नडमधून हाकायची, बकऱ्यांना त्याचं काही वाटत नसे. आज घरी गेलात की कागद घ्या, आणि शेडात न जाता 30 मेंढ्यांचं वर्णन लिहून बघा. बारा-तेराच्या पुढं गेलात तर मला आश्चर्य वाटेल. तुम्हाला जी एकसारखी दिसते तिला तुम्हीही कालच्यासारखेच आहात असं वाटावं तरी कशावरून?

बंध पडतो तो तीन जागी, असं माझं मत झालंय. वेत, कातरण आणि चाल. गोठ्यात पाळणाऱ्याच्या हातून तिन्ही सुटतात, म्हणून नीट सांगतो.

वेताचं बघा. व्यायल्यावर पहिले एक-दोन तास मेंढीचं नाक उघडं असतं म्हणायचं. त्या वेळात ओल्या कोकराचा जो वास येतो तो तिच्या डोक्यात कायमचा बसतो, पुढं ती त्याच वासाच्या कोकराला पाजते, दुसरं आलं तर डोकं मारून उडवते. ती वेळ हुकली तर स्वतःचं पोरही परकं. रायबागच्या रानात पौष महिन्यातली एक रात्र मला आठवते. पहिलारू मेंढी, व्यायली आणि घाबरून उठून लांब जाऊन उभी राहिली. कोकरू ओलं, थंडीनं कुडकुडतंय. मला मेंढीच्या वेगळ्या दुखण्यासाठी बोलावलं होतं, मी नुसता बॅटरी धरून उभा. वाड्यातल्या आजीनं मेंढीच्या अंगावरचं पाणी, वार गळत होती ते, तळहातावर घेतलं आणि कोकराच्या पाठीवर, शेपटीच्या बुडाशी चोळलं. वरनं मिठाची चिमूट. मग मेंढीला मांडीत दाबून कोकराचा मागचा भाग तिच्या नाकाला लावला. मेंढीनं फुरफुर केलं, तोंड फिरवलं. आजीनं परत लावला. पाचव्या-सहाव्यांदा मेंढीनं जीभ काढली. मीठ लागलं असेल. चाटायला लागली, आणि चाटता चाटता तिच्या घशातून तो बारीक घुमणारा आवाज आला, जो मेंढी फक्त आपल्या तान्ह्या पिल्लापाशी काढते. आजीनं सडाचा दट्ट्या पिळून काढला, चिकाचे दोन थेंब कोकराच्या ओठाला लावले, कोकरू लागलं. आजी उठून गेली. तिला हात धुवायला पाणी द्यायचंही मला सुचलं नाही.

त्या रात्री आजीच्या हाताचा वास मेंढीच्या आणि कोकराच्या वासात मिसळला. पुढं ते कोकरू आजीच्या मागं फिरायचं यात नवल नाही. वाड्यावर वेताचं, कोकरांचं काम बायकांकडं असतं. पुरुष रानात, बायका तळावर. तान्ही कोकरं डालग्याखाली झाकायची, आयांच्या परतीच्या वेळेला सोडायची, कुणाची आई कुठली ते जुळवायचं, ज्याला दूध पुरत नाही त्याला शेळीच्या सडाला लावायचं. प्रत्येक कळपात दहा-पाच शेळ्या असतात त्या यासाठी. तेव्हा मेंढक्याच्या मागं 300 बकरी चालली ती तुम्हाला दिसली, पण त्यातल्या कितीकींना लहानपणी त्याच्या बायकोनं पाजलंय ते दिसलं नाही.

तुमच्यासाठी इथं काम एवढंच: मेंढ्या व्यायला लागल्या की गडी ठेवला असेल तर त्याला घरी पाठवा आणि तुम्ही जवळ बसा. हात घालू नका, बसा. पहिल्या तासाभरात चीक पोटात गेला पाहिजे. नाळेला आयोडीन. आणि पोरकं कोकरू बाटलीवर वाढवायची वेळ आली तर मादी असेल तर वाढवा, ती पुढं कळपाची आगल होईल, तुमच्यामागं ती आली की बाकीच्या येतील. नर असेल तर सांभाळून. माणसाच्या हातावर वाढलेल्या एडक्याला माणसाची भीती राहत नाही. दीड वर्षाचा झाला की तुम्हाला तो दुसरा एडका समजतो आणि पाठ वळली की धडक देतो. एका गावात शिक्षकांच्या बरगड्या मोडलेल्या बघितल्यात, घरच्या लाडक्या एडक्यानं.

कातरणीचं मात्र माझं दुखणं आहे. दख्खनी बकऱ्याची लोकर वर्षातनं दोनदा कातरायची. एका मेंढीची वर्षाची अर्धा-पाऊण किलो, जाडीभरडी, काळी. सणगरांच्या मागावर त्याची घोंगडी व्हायची, चिंचोक्याची खळ लावून. आता त्या लोकरीला कुत्रं विचारत नाही, कातरणाऱ्याची मजुरी लोकरीच्या किमतीपेक्षा जास्त होते, बांधावर लोकरीचे ढीग कुजतात. त्यामुळं लोकांनी माडग्याळ घेतली, केंगुरी घेतली. वाढ चांगली, वजन लवकर, लोकर नावाला. हिशेबानं बरोबर आहे, मी स्वतः सल्ला दिलाय तसा. पण कातरताना मेंढी आडवी घेऊन तिचं डोकं मांडीवर यायचं, आणि कातरणाऱ्याचा डावा हात तिच्या अंगावरून इंच-इंच फिरायचा. गोचीड कुठाय, काट्यानं फाडलंय कुठं, ओटीला गाठ आहे का, बरगड्या हाताला लागतात का, सगळं कळायचं. मेंढी पाच-दहा मिनिटं माणसाच्या मांडीवर निवांत पडलेली असायची. लोकर गेली तशी ती दहा मिनिटंही गेली. अलीकडं ओटी सुजून दगड झाल्यावर माझ्याकडं आणलेल्या मेंढ्या वाढल्या, त्याचं एक कारण मी हे धरतो. दुसरं कुणी मान्य करेल की नाही, माहीत नाही, पण मी धरतो.

तुमच्या मेंढ्या बहुतेक माडग्याळच असणार. कातरू नका, पण आठवड्यातून एकदा एकेकीला हनुवटीखाली धरून सगळ्या अंगावरून हात फिरवा. दात बघायची सवय लावा. दोन दाती म्हणजे दीडेक वर्षाची, आठ दात जुळले की चारेक वर्षांची, पुढं दात झिजतात, हलतात. दात पडलेली मेंढी खुरट्या गवतावर उपाशी मरते, मालकाला वाटतं रोग आला.

चालीबद्दल तुम्हाला फार सांगून उपयोग नाही, कारण तुमची बकरी चालत नाहीत. तरी एक कळावं म्हणून सांगतो. आपल्या जिल्ह्याचं पावसाचं गणित विचित्र आहे. खानापुरात सह्याद्रीला टेकून धो धो, आणि सव्वाशे-दीडशे किलोमीटरवर अथणीत ढग नुसते वरनं जातात. चिखलात बकरी टिकत नाही, खूर कुजतात, डबक्याच्या कडेच्या गवतातनं यकृताचे चपटे किडे पोटात जातात. म्हणून पाऊस लागला की कागल-निपाणीकडचे कळप पूर्वेला, कोरड्या मुलखात सरकतात. दिवाळीनंतर भाताची कापणी झाली की परत पश्चिमेकडं, शेतं मोकळी झालेली असतात. रात्री शेतात बकरी बसवायची, लेंडी-मूत जमिनीत जातं, त्याबदल्यात शेतकरी धान्य द्यायचा, आता पैसे देतो. निपाणीच्या तंबाखूवाल्याला विचारा बकरी बसवलेल्या रानाचा फरक. या सगळ्या चालीत रस्ता, पाणी, निवारा, कुत्र्यापासून राखण सगळं त्या एका माणसाच्या आवाजावर. तो आवाज आला की पुढं काहीतरी चांगलं असतं, हे मेंढीनं शेकडो वेळा अनुभवलेलं असतं. हायवेवर ट्रक अंगावर येतो तेव्हा तोच आवाज तिला कडेला नेतो. कागलजवळच्या यमगे गावचा बिरदेव डोणे 2025 च्या एप्रिलमध्ये यूपीएससीत 551 वा आला तेव्हा आपल्या बेळगाव भागात बकरी राखत होता. पेपरात त्याचं फार कौतुक झालं. मला त्या फोटोत त्याच्या मागच्या बकऱ्यांकडं बघावंसं वाटलं. फेटा बांधायला, फोटो काढायला एवढी परकी माणसं आली, तरी ती तिथंच उभी होती.

आता शेडातल्या 30 मेंढ्यांना काय करायचं ते. पंधरा दिवस एकीलाही पकडू नका. एकच सदरा, नाहीतर एकच टॉवेल खांद्यावर रोज तोच ठेवा, धुवायला टाकू नका म्हटलं तर घरचे ओरडतील, पण शक्य तितकं करा. तुमचा एक आवाज ठरवा, कसलाही, मात्र तोच. चारा टाकायच्या आधी तो काढायचा, चाऱ्याबरोबर नाही, आधी. गव्हाणीत मूठभर मका टाका, मूठभरच. धान्याचा ढीग खाल्ला की पोट आंबून मेंढी दोन दिवसांत जाते. मका-ज्वारीच्या खळ्यावर दरवर्षी कुणाचीतरी जातात. मग गव्हाणीपाशी उकिडवे बसा, मोबाइल बघा, त्यांच्याकडं बघू नका. चौथ्या-पाचव्या दिवशी एखादी धीट येऊन सदऱ्याचं टोक चावेल. तिला हात लावायचा मोह होईल, लावू नका. महिन्याभरात बाहेर मोकळं सोडून तो आवाज काढून बघा. आणि शक्य झालं तर एखाद्या वाड्यावरून म्हातारी, माणसाळलेली एक मेंढी विकत घ्या, दात गेलेले असले तरी चालेल. बाकीच्या तुमच्याकडं बघत नाहीत, तिच्याकडं बघतात.

टोचणी तुम्ही करू नका. मेंढी दुखवणाऱ्याला विसरत नाही. डॉक्टरला टोचू दे, तुम्ही दारात बसा. पावसाळ्याच्या आधी आंत्रविषाराची, पहिल्यांदाच देत असाल तर दोन-तीन आठवड्यांनी परत एकदा. पीपीआरची, म्हणजे शेळ्या-मेंढ्यांच्या प्लेगची, एकदा दिली की तीन वर्षं बघायला लागत नाही. पहिल्या पावसाच्या कोवळ्या हिरव्या गवतावर एकदम सोडू नका, आणि पाण्याअभावी खुरटलेली कोवळी ज्वारी तर दाखवूही नका, त्यात विष असतं, तासाभरात खेळ आटोपतो. पावसाळा संपताना तोंड सुजलं, ओठ निळसर, लंगडायला लागली तर नीलजिव्हा समजा. चिलटांतनं पसरते, शिवून नाही, म्हणून संध्याकाळी शेडात धूर करा. तिच्यावरही लस आहे, पाच प्रकारांवरची. झालीच तर पोटॅशियम परमँगनेटच्या पातळ पाण्यानं तोंड धुणं आणि पेज पाजणं. एका सालच्या नीलजिव्हेत मी एका मेंढक्याला घोंगड्याच्या कोपऱ्यात तांदळाची पेज गाळून, करंगळी मेंढीच्या जबड्यात घालून, घोट घोट पाजताना बघितलंय. सतरा मेंढ्या, प्रत्येकीला वीस मिनिटं, दिवसातून तीनदा. स्वतः काय खाल्लं विचारल्यावर त्याला आठवेना.

त्या सतरातल्या अकरा जगल्या. पुढच्या बाजाराला त्यातल्या चार त्यानं अमीनगडला नेऊन विकल्या. तुमच्या शेवटच्या प्रश्नाला याहून वेगळं उत्तर माझ्याकडं नाही. तुम्हाला त्यात फसवणूक दिसत असेल तर तो शहरातला डोळा आहे, असं म्हणून मी तुम्हाला गप्प करणार नाही, कारण विकतानाचा माणूस मी जवळून बघितलाय. आमच्या घरात विकायचं बकरं वडील स्वतः कधी हाकलून द्यायचे नाहीत. चुलते द्यायचे. वडील त्या दिवशी लांबच्या रानात जायचे. व्यापाऱ्यानं पैसे मोजले की आई त्या बकऱ्याच्या खांद्यावरची चिमूटभर लोकर कातरून वाघरीच्या दोरीला बांधायची, राहिलेल्यांतून त्याचा वास एकदम जाऊ नये म्हणून, असं ती म्हणायची. काही बकरी विकायचीच नसतात: बिरोबाच्या नावानं सोडलेलं, चिंचलीच्या मायाक्काला बोललेलं, आणि कळपाची म्हातारी आगल. ती दावणीला मरायची. बाकीची पोटासाठी आहेत हे घरातल्या लहान पोरालाही माहीत असायचं, आणि तेच पोर कोकराला कुशीत घेऊन झोपायचं.

मेलेलं बकरं मात्र जिवाला वेगळं लागतं. विकलेल्याला कुणी रडायचं नाही, पण वीज पडून, गाडीखाली, पुरात गेलेल्याला घरात चूल पेटायची नाही. 2019 च्या ऑगस्टात कृष्णा-घटप्रभेचं पाणी चढलं तेव्हा बांधावर बसलेली अशी घरं मी बघितली. सरकारी मदतीसाठी शवविच्छेदनाचा दाखला लागतो, तो मीच लिहायचो. त्या कामात मेंढीचा वय-रंग लिहायला विचारलं की माणसं आकडा सांगायची नाहीत, ती कुठं व्यायली होती ते सांगायला लागायची. मी लिहून घ्यायचो तेवढं, नंतर त्यातनं वय काढायचो.

तुम्ही विकाल तेव्हा पहिली खेप दुसऱ्याच्या हातून जाऊ दे. आणि तो रक्ताचा अहवाल आला की कळवा, त्याच्यावर ठरेल एडका ठेवायचा की नाही.